अडतीस पिना

बस, ऋणाली. ट्यूबलाइट बंद कर आधी,
ती सगळ्यांनाच आजारी दाखवते.
खिडकीशी ये. दिवाळ्याच्या धक्क्यावर उजाडायला लागलंय,
तेवढा उजेड पुरे.

फाउंडेशन मनगटावर लावून बघायचं नसतं.
मनगटानं कधी ऊन पाहिलंय?
जबड्याच्या कडेला तीन रेघा ओढते,
जी दिसेनाशी होईल ती तुझी.

तू म्हणतेस, दोन शेड वरची लाव ना ताई,
फोटोत उजळ यायला हवं, सासरचे सगळे गोरे आहेत.
लावीन. पैसे तुझेच आहेत.
पण मान तीच राहील, कान तेच,
आणि माळ घालताना वर उचललेले हात.
लांबून बघणाऱ्याला वाटेल,
कुणा दुसरीचा चेहरा
तुझ्याकडे सांभाळायला दिलाय.

माझा हा डावा गाल बघ. नाही, हात लावून बघ.
एकोणीस वर्षांची होते. मेडिकलमधून ट्यूब आणली,
पंचाहत्तर रुपये, चिठ्ठी कुणी मागितली नाही.
पंधरा दिवसांत उजळले. ज्यानं त्यानं विचारलं, काय लावतेस गं?
सहाव्या महिन्यात ऊन लागलं की आग,
कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी,
आणि ट्यूब बंद केली तर आणखी आग.
डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत.
नर्सकडे बघून नुसतं म्हणाल्या,
"अजून एक आली."

म्हणून माझ्या पार्लरात
(नेरूळला, झेरॉक्सच्या वर, जिना अंधारा आहे)
आरसे आहेत, वाफ आहे, दोरा आहे,
गोरं करून द्यायचं काही नाही.

हनुवटी वर कर.
काय सांगितलं होतं मी? आठ दिवस आधी
चेहऱ्याला नवं काही लावू नकोस.
आणि परवा मैत्रिणीनं दिलेला मास्क लावून बसलीस.
ह्या दोन पुटकुळ्या त्याच्याच. असू देत.
फोडू मात्र नकोस,
पुटकुळीवर मेकअप बसतो, जखमेवर बसत नाही.
कानामागे हळद राहिलीय अजून.
दूध-बेसनाचा बोळा फिरवते,
नाहीतर दुपारपर्यंत तू नारिंगी.
हसू नकोस, लायनर चालू आहे.

तुझी आई चहा घेऊन आली.
पहाटेपासून उभी, साडी बदलायची राहिलीय.
म्हटलं, बसा दोन मिनिटं.
"मना आता कोन बघतंय गो?"
तरी बसली, स्टुलाच्या कडेला,
कुणी हाक मारली तर उठायच्या बेतानं.
माझ्या हाताच्या पाठीवर तुझंच थोडं उरलं होतं,
ते तिच्या जबड्याला लावलं.
दिसेनासं झालं.
दुसरी बाटली उघडावीच लागली नाही.
तुम्ही दोघी काही बोलला नाहीत.
मीही नाही. माझी एक भुवई राहिली होती.

आता रात्रीचं ऐक.
किती का वाजेनात, किती का पाहुणे असेनात,
चेहरा धुतल्याशिवाय झोपायचं नाही.
आधी खोबरेल, मग फेसवॉश.
डोळे चोळू नकोस, भिजवलेला कापूस ठेव
आणि वीसपर्यंत अंक मोज.
उद्यापासून सनस्क्रीन, दोन बोटं भरून,
त्यात चिकटपणा नको.
बाकी महागाचं काही घेतलंस
तर माझं नाव सांगू नकोस.

अंबाड्यात अडतीस पिना आहेत.
मी मोजून लावल्यात, मोजूनच काढ.
नाहीतर त्याला काढायला सांग,
तेवढंच त्याच्या हातांना काम,
आणि कळेल तरी, काय काय पेललं होतंस दिवसभर.

रात्री अडीचला मेसेज:
ताई, सदतीसच सापडल्या.
सोबत फोटो, हललेला.
धुतलेलं तोंड, दोन पुटकुळ्या,
आणि मागे मांडी घालून बसलेला कुणीतरी
ओंजळभर पिना धरून.

झोपेतच लिहिलं:
उजव्या कानामागे बघ.
तिथं थोडी हळदही असेल.