मसाल्याच्या डब्याखाली

चि. तृप्तीस,
फोनवर रोज दिसतेस, तरी कागद घेतला.
फोनवर तुझे पप्पा शेजारी बसलेले असतात
आणि तू "बाकी काय?" म्हटलंस
की बाकी काहीच उरत नाही.

लोखंड्यांचा जावई निघालाय तिकडं, त्याच्याबरोबर मसाला देतेय.
संकेश्वरी महाग होती, लवंगी जास्त पडली.
पत्राला वास लागेल. लागू दे.

पप्पांचं मार्केट सुटून दोन महिने झाले.
बोर्डाचे पैसे आले, निम्मे गावच्या पत्र्यात गेले.
अजून चारलाच उठतात,
चप्पल घालून दारात उभे राहतात,
विचारलं तर म्हणतात, पेपरवाल्याला बघत होतो.
गोण्यांचा आकडा मी भंगारात काढला होता.
त्यांनी तो गॅलरीत टांगला. आता त्याला लसूण.

दादाचं पुन्हा जमलं नाही.
मुलीनं एकच विचारलं, वरचा मजला कुणाच्या नावावर?
प्रश्न बरोबर होता.
समोरच्या पवारांनी तिसरा मजला चढवला,
आपल्याकडं ऊन साडेअकराला येतं, बाराला जातं,
तेवढ्यात मी पापड घेऊन धावते.

आता, ज्यासाठी बसले ते.
तुझी खोली भाड्यानं दिली.
शिवकन्या नाव. वसमतची. महाप्याला रात्रपाळी.
तुझं कपाट कुलपात आहे, पलंग मात्र तोच.
छतावरचे तुझे रेडियमचे तारे बघून
म्हणाली, राहू द्या मावशी.

कंपनीची गाडी तिला कोपऱ्यावर सोडते, अडीचला.
कोपरखैरण्यातली कुत्री तुला माहीतच आहेत.
फाटक वाजेपर्यंत मी जागी.
पप्पा म्हणतात, भाडेकरूसाठी कोण जागतं?
ती येते अडीचला, हे उठतात चारला,
मधल्या दीड तासात माझी रात्र.

रविवारी तिची आई फोन करते,
"जेवती का ओ ताई, पोरगी?"
मी म्हणते, जेवते.
गेल्या महिन्यात अंगात ताप होता तिच्या.
मी सांगितलं, झोपलीय.

तेव्हापासून एक खोड लागलीय.
तू बोलत असतेस आणि मी तुझ्या मागं बघते,
दार, खुंटी, कपातलं काय ते.
दिवाळीच्या आठवड्यात सगळं ठीक म्हणालीस,
कॅमेरा बंद ठेवून.
ठीक होतं ना?

तुझ्या घरमालकीणबाई, नावाला माझी जीभ वळत नाही,
त्यांना यातला थोडा मसाला दे.
थोडाच दे, सोसायचा नाही.
मी दिलाय म्हणून सांग.

तुझी आई

ता. क. डबा परत पाठव.
त्याचं झाकण दुसऱ्या कशाला बसत नाही.