पोपडे

साळी गल्लीच्या तोंडावरची ती पाटी
आधी वडिलांनी रंगवली, मग मी,
मग पुन्हा मी, आणि पुन्हा.
तीन लिप्या. कधी ही वर, कधी ती.
वरून जसा हुकूम तसा ब्रश.
पत्रा मूळचा नखाएवढा,
रंगानं भाकरीएवढा जाड झालेला.

त्या साली सांब-याच्या विमानतळावर
एकोणीस देशांचे पाहुणे उतरणार होते,
कापडावर बोलायला.
जागतिक परिषद.
तडकोड साहेब वडगावात दोनदा येऊन गेले,
पहिल्यांदा गटार बघून,
दुसऱ्यांदा गटाराकडं न बघता.
मग ट्रकातून हिरवं कापड आलं, बांबू आले,
आणि विणकरांची गल्ली
कापडामागं गेली.
निलव्वा कामकरनं ते दोन बोटांत चोळून बघितलं.
"नायलॉन. सुरतेचं असणार.
आमास्नी झाकायला तरी
आमचंच न्यायचं हुतं की."

मला सांगितलं, पाटी नवी कर.
निळी जमीन, पांढरं अक्षर, एका रात्रीत.
दस्तगीरनं बॅटरी धरली, मी पत्री चालवली.
वरचा पिवळा कुठल्याशा संमेलनाचा.
खालचा करडा अधिवेशनाचा.
त्याखाली एक गुलाबी,
कुणा परदेशी वकिलासाठी घाईनं मारलेला.
तो वकील आलाच नाही म्हणे,
गुलाबी तेवढा राहिला.
आणि तळाशी वडिलांचा 'ळ',
पोट सुटलेला, जरासा कललेला,
शेजारच्या कन्नड ळवर
मान टाकून झोपल्यासारखा.

"काय बघूलालास मामा, लाव की रंग,"
दस्तगीर म्हणत राहिला.
मी बघत राहिलो.
उजाडलं. डबा न उघडताच
गाड्या आल्या.

सगळ्या पुढं गेल्या, एक थांबली.
पांढऱ्या भुवयांचा एक म्हातारा उतरला,
कुठला कोण जाणे,
आणि जिथं पडदा कोपऱ्यात सरकला होता
तिथंच येऊन उभा राहिला.
अर्धवट खरवडलेली पाटी,
तीन लिप्या एकमेकींत सांडलेल्या.
त्यानं फोटो घेतला. मग गुडघ्यावर बसून आणखी एक.
तडकोड साहेबांच्या मानेवरचा घाम
मला लांबूनही दिसला.
माझे चारशे रुपये कापले.

पुढच्या थंडीत तो फोटो
फिरत फिरत घरी आला.
आधी एका जाड मासिकात, मग दिल्लीच्या भिंतीवर,
मग बेंगळूरच्या टेबलावर.
खाली मजकूर: सरमिसळीचं शहर.
हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.
परिपत्रक निघालं.
काल जो डाग होता
तो आजपासून वारसा.
जुनी पाटी काचेत गेली,
आणि गावभर तशाच
बत्तीस हव्यात, गुढीपाडव्याच्या आत.

तेव्हापासून मी नव्या पत्र्यावर पोपडे रंगवतो.
गंजाला गेरू आणि चहाचा चोथा,
फिक्या उन्हाला थोडं पिवळं.
उडालेलं अक्षर काढायला
न उडालेल्याच्या दुप्पट वेळ लागतो
आणि दरही दुप्पट मिळतो.
खोटं कशाला बोलू, पोरीची फी त्यातूनच भरली.
तडकोड साहेब हल्ली मला
कलावंत म्हणतात.
वडिलांचा ळ बत्तीस वेळा गिरवला,
एकदाही कलला नाही.
पडतो तरी, नाहीतर ताठ उभा राहतो.

आणि फोटोच्या डाव्या कडेला
एक कोपर आहे.
नीट बघितल्याशिवाय दिसत नाही.
मागाच्या दांड्यानं पडलेला काळा घट्टा,
आणि पुढं, चौकटीबाहेर,
पडदा बाजूला ओढणारा हात.

विमानतळावर तो फोटो आता भिंतभर लावलाय.
निलव्वा बसनं गेली बघायला,
डोक्यावर पदर, पिशवीत भाकरी.
दारावरच्या शिपायानं तिकीट मागितलं.
ती म्हणाली,
"आत माजं कोपर हाय."