दुतोंड्या कुठवर?

नववी 'ब'च्या हजेरीला
'हजर' म्हणायचं नाही, असं आमचं ठरलंय.
पाणी कुठवर आलंय, तेवढं सांगायचं.

कल्पना माझी नाही, अल्फिया मनियारची.
ऑगस्टात भूगोलाचा तास चालला होता,
फळ्यावर गंगापूर धरण, खाली विसर्ग, क्युसेक,
आणि रेवण गांगुर्डेने कंपासपेटी भिंतीवर भिरकावली.
कर्कटक माझ्या पायाशी येऊन थांबलं.

काय झालं?
काही नाही.
राग आला कुणाचा?
काही नाही.

अल्फिया म्हणाली, मॅडम, असं नका विचारू.
पूर आला की अब्बा घाटावरच्या मामूला
फोन करून एवढंच विचारतात :
दुतोंड्या कुठवर बुडाला?

रेवण भिंतीकडे बघत राहिला.
मग म्हणाला, छातीला.

तेव्हापासून रोज सकाळी
पगार : घोट्याला. (त्याचं बारा महिने घोट्यालाच.)
मृणाल आहेर : गुडघ्याला, पण चढतंय.
बोरस्ते : कमरेला, गणिताची चाचणी आहे.
माझा मारुती पोहतोय, असं कुणीतरी मागून ओरडतं.
हसू देते.
हसण्यानेही दोन बोटं उतरतं.

वरून काय वाहून आलं, ते विचारत नाही.
रेवणच्या वडिलांचं सातपूरचं काम सुटलंय,
हे मला शिपाईमामांकडून कळलं.
चौदा वर्षं मी 'अभ्यासात लक्ष घाल' म्हणत आले,
काठावर कोरडी उभी राहून
बुडणाऱ्याला पोहण्याचं पुस्तक वाचून दाखवावं, तशी.

परवा गुरुवारी तो म्हणाला, गळ्याला.
वर्गात एकही मान वळली नाही.
पगारने मधलं दप्तर उचलून खाली ठेवलं
आणि जरा सरकून बसला.

मॅडम, धरण पूर्ण भरायच्या आधीच
पाणी सोडतात ना?
हो.
मग मी मैदानावर जाऊन येऊ?

खिडकीतून पाहिलं.
दोन फेऱ्या पळाला, तिसरी अर्धी सोडली,
नळाखाली डोकं धरून उभा राहिला.
इतका वेळ, की मला शाळेच्या टाकीची काळजी वाटली.

परत आला तेव्हा कॉलर भिजलेली.
दारातूनच म्हणाला, कमरेला.

मी त्याच्या नावापुढे 'ह' लिहिला.
पत्रकात पाण्यासाठी रकाना नाही.