दुरुस्तीतली जमीन

छावणीच्या मैदानावर हिरवळ नाही.
भोकाभोवती तेल पाजलेली वाळू, तपकिरी,
आणि तिच्या अलीकडे आपली काळी,
मार्चमध्येच तोंड वासून पडलेली.

स्पर्धेच्या कागदावर, चहाच्या डागाशेजारी, नियम चौथा:
‘दोन बोटांहून रुंद भेग ही दुरुस्तीतली जमीन समजावी.
तिच्यात गेलेला चेंडू दंडाशिवाय उचलावा.’
वसमतकर म्हणाले, मग अख्खा जिल्हाच उचला की.
डॉक्टर अन्सारी हसले नाहीत.
स्पर्धा असली की ते सकाळपासून हसत नाहीत.

मी भूमापनातला. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या हद्दी,
वैजापूर, गंगापूर, भोकरदन.
दोन भावांच्या मधोमध उभा राहून
म्हणायचो, दगड इथे.
म्हणून माझ्या चेंडूवर हिरव्या शाईचा त्रिकोण असतो,
नकाशावर मोजणीचं ठाणं दाखवतात तसा.

सहाव्याला फटका बरा बसला होता.
मग वाऱ्याने त्याला हाताला धरून उजवीकडे नेलं,
रुई, घाणेरी आणि भेगा, तिन्हींच्या मधे कुठेतरी.
निघण्याआधी म्हणायला हवं होतं,
‘हंगामी चेंडू मारतो.’
तीन शब्द. म्हणालो नाही.
सापडेल असं वाटणं हा माझा जुना आजार.

शोधायला तीन मिनिटं. आधी पाच असायची.
घड्याळ मीच काढलं, बाकीचे काठीने झुडपं उचकत होते.
पहिल्या मिनिटात एक मिळाला,
तीच कंपनी, तोच आकडा,
त्रिकोण नाही. एका अंगाने पिवळा पडलेला.
पाठमोऱ्या माणसाला हाक मारावी
आणि तो वळल्यावर ओशाळावं, तसा ठेवून दिला.
दुसऱ्या मिनिटात होला उडाला.
तिसऱ्यात काहीच नाही.

तीन मिनिटं बारा सेकंद.
सिद्धोधन पोटावर पडून
मोबाइलचा उजेड भेगेत सोडून ओरडला,
‘काका, हाय की खाली! तिरकोन दिसायलाय!’

वाकलो. हातभर खाली, ढेकळाला टेकून,
एक डोळा उघडा ठेवून झोपलेल्या पोरासारखा.
बारा सेकंदांपूर्वी तो फुकट उचलता आला असता.
आता तो दिसतो आहे
आणि हरवलेला आहे.

कुणी घड्याळ मागितलं नाही.
वसमतकर म्हणाले, सापडला ना? चला.
साखळी ताणून धरता येते, सैलही सोडता येते,
दोन्हीत आकडा खराच दिसतो.
भोकरदनच्या एका बांधावर मी ती सैल सोडली होती.
त्या घरचा चहा चांगला होता.

‘बारा सेकंद उशीर,’ मी म्हणालो. ‘हरवला.’
डॉक्टरांनी असं पाहिलं,
जणू आजाऱ्याने आपणच निदान सांगितलं.

मग उलटं चालणं, उन्हात, दोनशे दहा पावलं.
मोजायची सवय जात नाही.
मागची चौकडी टीवर खोळंबलेली,
त्यांच्यापुढे हात जोडले.
जिथून मारला तिथूनच पुन्हा,
वर एक फटका दंड, म्हणजे हा तिसरा.
आमच्या खात्यात याला फेरमोजणी म्हणत
आणि फी नव्याने भरून घेत.

कार्डावर आठ.
अन्सारींनी लिहिला,
आठाचं पोट जरा मोठंच काढलं.

पुढच्या महिन्यात फाटकापाशी
सिद्धोधनची बादली, तीस रुपयांना एक.
वरच माझा त्रिकोण, घासून धुतलेला, शाई फिकट.
म्हणालो, अरे, हा माझा.
‘तवा तर हरवला म्हणलाव की, काका.’

पंचविसाला दिला.