बेदाण्याची वही

आमच्या घरात रात्री दोघेच जागे,
मी आणि बेदाणा.
सातपूरहून सेकंड शिफ्ट संपवून मी येतो साडेबाराला.
पवननगर निजलेलं असतं.
बूट हातात घेऊन दार लोटतो
तेव्हा त्याचं चाक फिरत असतं,
किर्र किर्र, तेल मागत.

प्रांजल शाळेला निघते तेव्हा मी झोपेत.
म्हणून पिंजऱ्याला सुतळीने बांधलेली एक वही.
ती दिवसा विचारते,
मी रात्री लिहितो.

'बाबा, हा दिवसभर झोपूनच का असतो?'
त्याचीही शिफ्ट असते, बाळा.
उठवू नकोस. झोपमोड झाली की कोणीही चावतं.
आईला विचार.

'काल मला चावला.'
बोटांना शेंगदाण्याचा वास असेल.
मला चावला तेव्हा कूलंटचा होता.
हात धू, तळवा उघडा ठेव, आणि थांब.
आपण जायचं नाही. त्याने यायचं.

'गाल केवढे सुजलेत! डॉक्टरकडे नेऊ या?'
पिशव्या आहेत त्या. बाजार करून आलाय.

'बेदाण्याला बेदाणा चालतो?'
आठवड्यातून एक. तोही अर्धा.
द्राक्षांच्या गावात राहतो म्हणून काय झालं,
साखर त्याला सोसत नाही.

'आंघोळ?'
पाण्याने कधीच नाही.
अख्खा देश रामकुंडात बुडी मारायला येतो,
आपला हा एकटा वाळूत लोळून स्वच्छ.
वाळू चाळून ठेवली आहे, गॅलरीत, तेलाच्या रिकाम्या डब्यात.

'त्याला कोणी नाही. अजून एक आणू या ना.'
नको. एका पिंजऱ्यात दोघे असले की एकमेकांना फाडतात.
एकटं राहणं हा त्याचा स्वभाव आहे,
दुःख नाही.
हे शेवटचे दोन शब्द मी खोडले होते.
मग पुन्हा लिहिले.

'किती वर्षं जगतो?'
ह्याच्याखाली आठ दिवस कोरी जागा.
ती पाचवीत आहे.
मी हिशेब करून पाहिला, सातवीची सहामाही, फार तर.
नवव्या रात्री लिहिलं: दोन. अडीच.
तिने खाली तांबड्या पेनने बरोबरची खूण केली,
बाईंसारखी.
बाकी काही नाही.

मग निफाडला पारा पाचावर उतरला ती रात्र.
दार लोटलं आणि घरात आवाज नाही.
चाक थांबलेलं.
तो कोपऱ्यात, सुपारीएवढा आवळलेला,
सुपारीसारखाच गार.
श्वास दिसेना.
मी बुटांचं खोकंसुद्धा शोधलं,
कुंडीतली माती उकरायला उलथनं काढलं,
आणि तेव्हा दुकानदाराचं बोलणं आठवलं:
थंडीत हे मेल्यासारखे पडतात, साहेब,
पुरायची घाई करू नका.

स्वेटरच्या आत, बनियनला लावून,
ओट्याखाली फरशीवर बसलो.
हलवलं नाही. फुंकर घातली नाही.
गार मशीन एकदम पळवायचं नसतं,
हे मला कोणी शिकवायला नको.

पावणेतीनला एक मिशी हलली.
मग पाय, माझ्या बरगडीवर, टाचणीएवढा.

वर पाहिलं तर दारात प्रांजल,
माकडटोपीत, केव्हाची कोण जाणे.
काही न बोलता शेजारी येऊन टेकली.
शाळेला चार तास होते.
'बाबा, तुमच्या हाताला कसला वास येतो?'
हा प्रश्न वहीत नाही.

शुक्रवारी रात्री पिंजरा साफ केला.
ओला कागद काढून कोरडा फाडून घातला.
घरट्याच्या तळाशी अकरा सूर्यफुलाच्या बिया,
वाळका मटार,
आणि वहीच्या पानाचा एक कोपरा, तिच्या अक्षरात:
'बाबा, तुम्ही कधी'
पुढचं त्याने कुरतडलं होतं,
गादीसाठी.

तेवढाच तुकडा शिताने वहीत चिकटवला
आणि खाली लिहिलं,
रविवारी.