लोसाको

त्श्वापा नदी कोसांनी मोजत नाहीत,
वळणांनी मोजतात.
दर तिसऱ्या वळणावर भाषा कूस बदलते;
बोएंदेच्या धक्क्यावर ज्या शब्दाला माना डोलतात
त्याच शब्दाला वरच्या अंगाला
बायका कसाव्याच्या टोपल्या खाली ठेवून हसतात.

किन्शासात मी एकोणीस वर्षं बोटींची इंजिनं खोलली.
भांडलो लिंगालात, लग्न लिंगालात,
उधारीची वही फ्रेंचमध्ये.
ठेच लागली की मात्र लोमोंगो.

आमच्यात वडीलधाऱ्यासमोर नुसतं म्हणायचं, लोसाको,
आणि थांबायचं.
मग तो त्याचं वाक्य देतो.
एकच. आयुष्यभर वापरून गुळगुळीत झालेलं.
बोतुलीमामाचं होतं:
पूर गेला, चिखल साक्षीला ठेवून.
हिवतापात ग्लानीत होता, तेव्हाही हेच बोलला.
लेकीला पुरून परतला, तेव्हाही हेच,
फक्त शेवटचा स्वर वर गेला नाही.
आमच्या भाषेत स्वर चुकला तर शब्दच दुसरा होतो.
त्या संध्याकाळी कुणी त्याला चूक म्हटलं नाही.

आज दुपारी इंजिन बंद पडलं,
नाव मी मुळ्यांना बांधली.
वेलीत ओवलेले मासे घेऊन एक पोरगा आला,
आठ-नऊ वर्षांचा;
मासे पाठीमागे धरले आणि म्हणाला,
लोसाको.

मी मागे वळून पाहिलं.
मागे पाणी होतं.

म्हणालो, म्बोते, बाळा.
तो हलेना.
दुकानदाराकडून सुटे यायचे राहिलेत
तसा उभा.
माशांचे कल्ले अजून उघडमीट करत होते,
माझ्या दाढीत ग्रीस होतं, आणि ग्रीसखाली पांढरं,
ते त्याला लांबूनच दिसलं असणार.

शेवटी मामाचंच काढून दिलं.
पूर गेला,
चिखल...

पोरगा खुदकन हसला.
"आमच्याकडे चिखलाला असं नाही म्हणत."
आणि त्याने त्यांचा शब्द सांगितला,
मधला स्वर खड्ड्यात उतरून वर येणारा.
मी म्हणून पाहिला.
त्याने मान हलवली. पुन्हा म्हटला.
तिसऱ्यांदा त्याला पटला असावा,
कारण तो निघाला,
वेलीतले मासे गुडघ्यांवर आपटत.

आता स्पार्क प्लग पुसतोय.
अंधाराआधी पुढचं गाव गाठायला हवं.
तिथेही पोरं असतील.