पोटात घातलेलं

सकाळी सहाला झाडाखाली उभं राहायचं,
पण बरोबर खाली नाही, दोन पावलं बाजूला.
चिंपांझी जागे झाले की आधी मोकळे होतात,
मग आळस देतात, मग कुठे दिवसाचं बघतात.
मी पिशवी उघडून थांबते.

माझं नाव काबाहेंडा. लाडाचं नाव अद्येरी.
आमच्या टोरो लोकांत लाडाच्या नावाशिवाय
नुसतं ‘बरी आहेस ना’ विचारणंसुद्धा उद्धटपणा.
आई शेजारणींना सांगते, अद्येरी ऑफिसात असते.

ऑफिस म्हणजे ओढा, एक बादली,
आणि एक मिलिमीटरची चाळण.
आई नाचणी धुते तशीच मी विष्ठा धुते.
गाळ वाहून जातो, बिया राहतात.
उंबराच्या तर खसखशीहून बारीक,
त्यांच्यापुढे वहीत लिहायचं: असंख्य.
मोठ्या बिया मोजायच्या, पट्टीवर धरायच्या.
शेवटचा रकाना, ‘ओळख पटली नाही’,
तो भरताना मला उगाच बरं वाटतं.

लाल शेपटीची माकडं कंजूष.
गालफडं फुगेस्तोवर फळं कोंबतात,
मग पुढच्या झाडावर बसून एकेक बी थुंकतात,
बसस्टँडवर शेंगा खाणाऱ्यांसारखी.
हत्ती उदार, पण त्याचा नेम नाही.
इथे एक झाड आहे, त्याची बी मुठीएवढी,
दुसऱ्या कुणाच्याच घशाखाली उतरत नाही.
त्या झाडाखाली पडलेली फळं
कितीदा वाट बघून सडलेली पाहिलीत मी.

आणि म्हातारा. मुगुरुसीच म्हणायचो आम्ही त्याला.
उजवा पंजा मनगटापाशी वाळलेला,
त्यावर तारेचा वळ, बांगडीसारखा.
रानात फास लावतात ते छोट्या हरणासाठी.
सायकलच्या ब्रेकची तार त्याला चांगली,
वाकते, तुटत नाही.
मी लहान होते तेव्हा
बाबांच्या सायकलला ब्रेक नव्हता.
चहामळ्याच्या उतारावर ते
चप्पल घासत थांबायचे, मी मागे हसायचे.

म्हातारा डाव्या हाताने खायचा, सावकाश,
सगळ्यांच्या मागून.
अपराध पोटात घाल, म्हणतात माणसं देवाला.
मुगुरुसीने काय काय पोटात घातलं
त्याची माझ्याकडे चौदा वर्षांची यादी आहे,
लांबी-रुंदीसकट.
तार तीत नाही.

दोन पावसांपूर्वी तो दिसेनासा झाला.
शेवटच्या घरट्याखाली मी खुणेची फीत बांधून ठेवली होती.
शेणकिड्यांनी काही बिया पुरल्या,
उंदरांनी पुरलेल्या उकरून खाल्ल्या,
तरी एकशे बारा कोंब. मग एकोणचाळीस.
मग सात.
मग हरणाने चार खुडले, तेच छोटं हरण.

परवा बाबा डबा घेऊन आले.
गुडघे दुखतात त्यांचे, तरी आले,
वाटेत कुठेही न चुकता.
इतकं रान त्यांना कसं पाठ, मी विचारलं नाही.
तीन रोपांपाशी बसले. वाळलेली पानं बाजूला सारली.
‘कुणी लावली ही?’
‘एक म्हातारा होता. लुळ्या हाताचा.’

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
वर हॉर्नबिल गेला, पंखांचा तो
कुणीतरी करवत ओढल्यासारखा आवाज करत.
मग म्हणाले, ‘कुंपण घाल याला, अद्येरी.
घरी तार आहे माझ्याकडे.’

मी डबा उघडला.
मटोके अजून गरम होतं.
त्यांच्यापुढे केळीचं पान पसरलं, वाढलं,
आणि म्हटलं, ‘आधी जेवा.’